केकडा-कन्येचा पडदा

बुधवारी दुपारी माझ्या सासूबाई भिशीच्या चार बायकांबरोबर रायपूरच्या पंडरी बाजारामागच्या मैदानात लागलेला मीना बाजार बघायला गेल्या आणि जाताना मला न विचारता ज्ञानदाला घेऊन गेल्या. मी आतल्या खोलीत बारावीच्या मुलांचा ऑनलाइन क्लास घेत होते. बाहेर आले तर पोरगी नाही, तिची चप्पल नाही, आणि सासूबाईंचा फोन लागत नाही. दीड तास मी बाल्कनीतून तेलीबांध्याच्या रस्त्यावरची प्रत्येक ई-रिक्षा न्याहाळत उभी होते.

ज्ञानदा साडेतीन वर्षांची आहे. तिच्या डाव्या हाताला अंगठा नाही आणि चार बोटं दोन-दोन चिकटलेली आहेत, त्यामुळे बोटं अशी दोनच, जाड, एकमेकांकडे वळलेली. त्यांनी ती चमचा धरते, बटण लावते, चिडली की माझे केस ओढते. डॉक्टर म्हणतात, पाच वर्षांची झाली की ऑपरेशन करू. तोवरची व्यवस्था सासूबाईंनी केली आहे. त्यांनी त्या हातासाठी मोजे शिवलेत, प्रत्येक फ्रॉकला साजेसा एक. मोजा घातल्याशिवाय पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही. ग्रहणात मी सुरी हातात घेतली असणार, हे त्यांचं निदान. मी घेतली नव्हती. पण मी वाद घालत नाही, कारण खरं कारण मला ठाऊक आहे आणि ते त्यांच्या ग्रहणापेक्षा वाईट आहे.

परत आल्या त्या घाम पुसत, अगदी खुशीत. मेळ्यातल्या एका तंबूत असल्याच हाताचा एक माणूस होता म्हणे. तिकीट काढलं की शाल बाजूला करून दाखवतो.

"सेम टू सेम हात गं," त्या म्हणाल्या. "त्याचा अन् आपल्या पोट्टीचा. मी तं मोजा काढून बाजूले धरूनच पाह्यला."

सगळ्यांसमोर का, असं मी विचारलं. सगळ्या घरच्याच बाया होत्या, असं त्यांचं उत्तर. माझ्या सासूबाई विनोदिनीबाई, रेल्वेतून रिटायर झालेल्या बडेबाबूंच्या पत्नी, बुढापाऱ्याच्या जुन्या वस्तीत पस्तीस वर्षं राहिलेल्या, ज्यांना कोणाच्याही लग्नाच्या आल्बममध्ये नातीचा हात दिसलेला नको असतो, त्यांनी तो तंबूत मोजा काढून जुळवून पाहिला. तो माणूस मोठा सभ्य होता म्हणे. त्यानं पोरीचं नाव विचारलं, यांनी सांगितलं. मग पोरीच्या आईचं नाव विचारलं.

"तेही सांगितलं?"

"त्यात काय झालं? अनुश्री म्हटलं. नागपूरची आहे म्हटलं."

तो माणूस माझा भाऊ पुष्कर. तंबू माझ्या बापाचा.

सासरी सगळ्यांना, सार्थकलासुद्धा, मी आईबापाविना मावशीकडे वाढलेली मुलगी म्हणून माहीत आहे. माझ्या डाव्या हातावर शिवणीच्या खुणा आहेत; कॉलेजात असताना कुकर फुटून हात भाजला, असं मी सांगते. सार्थक सकाळी नवा रायपूरच्या ऑफिसला जातो, संध्याकाळी येतो आणि सांगितलेलं ऐकतो. नवऱ्याचा हा गुण मी नीट वापरला.

खरं असं, की दहा वर्षांची होईपर्यंत मी त्याच तंबूत बसत होते. भंडारा, गोंदिया, राजनांदगाव, चांपा, जिथं जत्रा तिथं आम्ही. माझा बाप मारोती बाहेर माईकवर ओरडायचा. पुष्कर आणि मी आत पाटावर बसायचो, हातावर शाल. बाहेर हिंडतानाही हात फडक्यात गुंडाळलेला हवा. एकदा हँडपंपावर मी फडकं सोडून हात धुतला तर बापानं मला तिथंच बडवलं. बाहेर फुकट दिसलं तर आत कोण येईल, एवढंच त्याचं अर्थशास्त्र. माय शेजारच्या पेटीत नागकन्या होऊन बसायची. धड आरशामागे मुडपलेलं, वर फक्त डोकं, खाली रबरी साप. चांप्याच्या मेळ्यात, मे महिन्यात, ती त्या पेटीतच गेली. लोकांना वाटलं नागकन्येला झोप लागली. बापानं रांग संपेपर्यंत पडदा पाडला नाही.

त्यानंतर नागपूरची मावशी मला घेऊन गेली. ती सरकारी दवाखान्यात आया होती. तिनं डॉक्टरांच्या पाया पडून माझी बोटं सोडवून घेतली आणि मला एम.एस्सी. होईपर्यंत शिकवलं. ऑपरेशननंतर तंबूत निरोप घ्यायला गेले, तेव्हा बापानं अडवलं नाही. एकच गोष्ट म्हणाला, की पडद्यावरचं नाव पुसून जा.

आमच्या लोकांत ही रीत आहे. लेकरू पहिल्यांदा लोकांसमोर बसवायचं त्या दिवशी नारळ फोडून तंबूच्या बाहेरच्या मोठ्या कापडावर त्याचं चित्र काढतात आणि खाली नाव लिहितात. याला नाव चढवणं म्हणतात. बारसं वगैरे काही नाही, हेच बारसं. चढलेलं नाव दुसऱ्या कोणी पुसायचं नाही, ज्याचं त्यानं आपल्या हातानं पुसायचं. माय न पुसता गेली, म्हणून 'नागकन्या चित्रा' अजून तिथं आहे. खाली भाड्यानं आणलेली कुठलीही मुलगी बसते. माझ्या हाताला तेव्हा प्लास्टर होतं. मीही न पुसताच गेले.

गुरुवार मी दारं-खिडक्या तपासण्यात घालवला. शुक्रवारी दुपारी भिशीतल्या पूर्णिमाबाईंनी सासूबाईंच्या फोनवर एक फोटो पाठवला. तंबूच्या पडद्यावर नवं चित्र. निळा फ्रॉक, बाहुलीसारखे डोळे, आणि डावा हात कोपरापासून खेकड्याचा. खाली हिंदीत, 'केकडा परी ज्ञानदा'.

सासूबाईंना राग आला होता असं मी म्हणणार नाही. त्या फोटो बोटांनी मोठा करून बघत होत्या.

"फ्रॉक तं बरोबर काढला," त्या म्हणाल्या. "पण नाव काहून लिहिलं?"

मी ज्ञानदाला उचललं. कपडे बदलले नाहीत, पण पिवळा मोजा घातला, सवयीनं. सासूबाई मागोमाग रिक्षात चढल्या. पोलिसांत जाऊ या, असं त्या वाटभर म्हणत राहिल्या. मी म्हटलं, पोलिसांना नंतर बघू, आधी नाव पुसलं पाहिजे. पोरीला सोबत काहून नेऊन राहिली, असंही त्यांनी विचारलं. मी रिक्षावाल्याला लवकर चल म्हटलं.

चार वाजले होते. पाळणे अजून सुरू झाले नव्हते, फुगेवाला नळकांड्यात गॅस भरत होता. पडदा दोन बांबूंमध्ये ताणलेला, अगदी खालपर्यंत. डाव्या कोपऱ्यात मी होते. रंग पोपडे होऊन निघालेला, पण नाव शाबूत: 'केकडा कन्या अनू'. वीस वर्षं माझ्या नावावर तिकिटं खपली होती आणि चित्रकारानं मला सिनेमातल्या बाईचे डोळे काढले होते. शेजारी ज्ञानदाचा रंग ओला चमकत होता. पुष्कर खाली बसून ब्रश धूत होता, डबा पायांत धरून. मला बघून तो उभा राहिला, ताई म्हणाला आणि हात शालीखाली घेतला. अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःच्या बहिणीसमोर.

बाप आतून आला. म्हातारा झालाय. मिशा मात्र काळ्या कुळकुळीत. त्यानं सासूबाईंना वाकून नमस्कार केला, त्यांनीही सवयीनं हात जोडले.

"पुसून टाका," मी म्हटलं.

"मी कसा पुसू? तू एवढी शिकलेली, तुले का रीत मालूम नाही?" तो म्हणाला. "जिचं नाव तिनं पुसावं. आणलीच हाये तं पुसू दे तिले."

तो हसत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी पेशीविभाजन शिकवते, गुणसूत्रं शिकवते, ग्रहणाला हसते. पण त्या मैदानात उभं राहून मला एकदाही वाटलं नाही की हा नियम म्हणजे चार जत्रेकऱ्यांनी केलेली बडबड आहे. मी पोरीचा मोजा काढला, तिचं मनगट धरलं आणि तिचा हात ओल्या नावावर फिरवला.

ज्ञानदाला गंमत वाटली. 'परी' गेलं, 'ज्ञा' पसरला, निळं-पांढरं सगळं एक झालं. मग तिनं माझ्या मुठीतून हात सोडवला आणि खालच्या कोऱ्या लाल पट्टीवर जोरात थाप मारली.

ठसा स्वच्छ उमटला. तळवा आणि दोन बोटं, पांढरी, प्रत्येक रेघ दिसावी अशी.

पुष्कर बोळा घेऊन पुढे झाला. बापानं त्याला हातानं अडवलं.

"त्याले हात नको लावू. वाळू दे."

फुगेवाला नळकांडं सोडून आला. त्याच्यामागे दोन बायका, मग शाळेच्या ड्रेसमधली चार-पाच पोरं. चित्राकडे कोणी बघत नव्हतं. चित्रं त्यांनी खूप बघितली होती. सगळे ठशाकडे बघत होते. एकानं वाकून आपला पंजा त्याच्याशेजारी धरून बघितला. फोन निघाले. बापाला वीस वर्षांत जे रंगवून जमलं नव्हतं, ते मी तेलीबांध्याहून रिक्षा करून आणून दिलं होतं.

मी पुष्करच्या पायाजवळचा तारपीनचा डबा उचलला.

"तुले हक नाही त्याचा," बाप म्हणाला. "त्या पोरीचा हाये तो."

मी डबा ठशावर ओतला आणि तळहातानं घासायला लागले. पांढरं लालमध्ये गेलं. शिवणींवर तारपीन झोंबतं, हे विसरले होते. दोन बोटं गेली, तळवा गेला. मागे खरखर झाली आणि बापाचा माईक सुरू झाला. माणूस धंद्याचा पक्का.

"देखिए, देखिए, भाइयो और बहनो! केकडा कन्या अनू, बीस साल बाद, अपने बाप के घर वापस आई है! हाथ देखिए, परदे पर चित्र देखिए!"

लोक माझ्याकडे वळले. सासूबाईंनी कोपऱ्यातलं चित्र पाहिलं, नाव वाचलं, मग माझा हात पाहिला. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं, पण त्यात दुःखाचा अंश नव्हता. त्यांच्या डोक्यात ग्रहण सुटत होतं. दोष मुलाकडचा नाही, हे एकदाचं सिद्ध झालं होतं.

"कुकर फुटला म्हणत होती तू," त्या म्हणाल्या.

"खोटं सांगितलं," मी म्हटलं. "पोरीला घ्या, तिचं तोंड तिकडे करा."

त्यांनी घेतलं. घेता घेता जमिनीवरचा पिवळा मोजा उचलून तिच्या हातावर चढवायला लागल्या, लोक पाहून राहिले गं, हात झाक म्हणत. ज्ञानदा हात मागे ओढत होती. बाप माईकवर सांगत होता की पाच मिनिटांत आतमध्ये दर्शन, तिकीट खिडकी खुली आहे. आणि माईक तोंडापासून बाजूला करून मला दबक्या आवाजात म्हणाला, "हात झाक. आत चल अन् मंग दाखव."

एकाच वेळी दोघं तेच सांगत होते.

मी वळले आणि हात वर केला. रंगानं माखलेला होता, म्हणून साडीला पुसला आणि पुन्हा वर केला. चार बोटं, त्यांच्या मधून मांडीवरून काढून शिवलेल्या कातड्याच्या पट्ट्या, करंगळी वाकत नाही. बोटं उघडून दाखवली, मिटून दाखवली, हात उलटा केला.

"लीजिए, देख लीजिए," मी म्हटलं. "टिकट नहीं लगता."

त्यांनी बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं, एकेकाकडे, क्लासमध्ये हजेरी घेताना बघते तशी. ड्रेसवाल्या पोरांनी फोटो काढला, फोनमध्ये बघितला, बरोबर आला नाही म्हणून पुन्हा काढला. पुढची बाई मान वाकडी करून थोडा वेळ थांबली.

"बस, अतके?" तिनं सोबतिणीला छत्तीसगढीत विचारलं.

"हव," सोबतीण म्हणाली. "चल, गुपचुप खाबो."

त्या पाणीपुरीच्या गाडीकडे गेल्या. मग पोरं गेली. फुगेवाल्याला गिऱ्हाईक आलं. बाप अजून बोलत होता, पण आवाजातली चढण उतरली होती, आणि तिकीट खिडकीसमोर एक कुत्रं तेवढं बसलं होतं. मी पुष्करकडे बघितलं. त्याची शाल खांद्यावरून घसरली होती आणि त्यानं ती सावरली नव्हती. बापानं त्याला आत जा म्हणून दोनदा सांगितलं. तो आत गेला नाही. त्यानं बोळा घेतला आणि ज्ञानदाच्या चित्रातला उरलेला निळा फ्रॉक त्या दोन बोटांनी घासायला लागला. त्याचाही हक्क नव्हता.

सासूबाई विचारत होत्या, आता सार्थकले काय सांगायचं. जे पाहिलं ते सांगा, मी म्हटलं, नाहीतर फोटो दाखवा, संध्याकाळपर्यंत पूर्णिमाबाईंकडे येतीलच. त्यांच्या हातातला पिवळा मोजा मी काढून घेतला. डब्यात तळाशी थोडं तारपीन होतं, त्यात तो बुडवला आणि डाव्या कोपऱ्याकडे गेले. जुना रंग चिवट असतो. 'केकडा' लवकर गेलं. 'अनू'ला वेळ लागत होता.

ज्ञानदा सासूबाईंच्या कडेवरून उतरून माझ्याजवळ आली, पांढरा-निळा झालेला हात उघडाच, आणि मलापण दे म्हणाली.

"तुझं झालं," मी म्हटलं. "हे माझं आहे."