माझा चौथा पंख

मी एक जुनी अवकाशनौका आहे, मित्रांनो, आणि ही दातांची डॉक्टरीण मला सुखानं म्हातारी होऊ देत नाही. दर महिन्याला येते, पर्स खुर्चीत टाकते, चष्मा कपाळावर चढवते आणि माझ्या डाव्या कुशीला बोट लावून म्हणते, "इथे पंख नाही." जसं काही मला ठाऊकच नाही! अगं, अंग माझं. त्यावर काय आहे नि काय नाही, हे आधी मला कळणार की तुला? दिवसभर लोकांच्या दाढा तपासून हिचं मन भरत नाही, म्हणून इथे येऊन मला तपासते.

मी आकाशात कधी गेले नाही. शाळेतही गेले नाही. पण त्यावाचून माझं काही अडलं नाही. माझा बाप पत्र्याचं काम करायचा. डबे, चाळण्या, नरसाळी. एकदा मुलांसाठी टीव्हीवर अवकाशाची मालिका करणारी माणसं त्याच्या दुकानात आली. त्यांना नौका हवी होती आणि तीही दोन दिवसांत. बापाने तेलाच्या डब्याचं माझं पोट केलं, शेपटीला दोन नरसाळी डाख देऊन जोडली, नाकावर सायकलचा दिवा बसवला. पंख चार ठरले होते, झाले तीन. का, ते फक्त त्याला आणि मला माहीत. दिग्दर्शक म्हणाले, "राहू द्या, उजवीच बाजू दाखवू."

मला दोऱ्याने टांगून उडवायचे. तीन भाग झोकात गेले. चौथ्या भागात दोऱ्याला पीळ पडला आणि मी गर्रकन फिरून साऱ्या जगाला माझी डावी बाजू दाखवली. दुसऱ्यांदा चित्रण करायला कुणाला सवड नव्हती. तसंच गेलं.

पण काय ते दिवस होते! मी पडद्यावर आले की मुलं जेवणाचं ताट सोडून टीव्हीला नाक लावायची. मालिका संपली आणि माझी रवानगी गोदामात झाली. माझ्या पोटात उंदरांची बाळंतपणं झाली, तरी कुणी विचारपूस केली नाही. शेवटी गोदाम रिकामं करायला काढलं, तेव्हा भंगाराच्या ढिगातून या डॉक्टरणीनेच मला ओळखलं. मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. तिकीट काढताना ड्रायव्हरने आरशात पाहिलं, बस कडेला घेतली आणि उठून मागे आला.

"अहो, ही तर ती मालिकेतली!" तो म्हणाला. "पण हिला डावीकडे पंख नाही, लक्षात आलंय का तुमच्या?"

"चौथ्या भागापासून!" डॉक्टरीण ओरडली.

मागचे प्रवासी शिव्या घालत होते. या दोघांना पत्ता नव्हता. तिथेच मंडळ जन्माला आलं म्हणा ना. टायरच्या दुकानावरच्या खोलीत महिन्यातून एकदा वीस-पंचवीस माणसं जमू लागली. जुने भाग लावायचे आणि चुका काढायच्या. कप्तानाचं घड्याळ एका दृश्यात डाव्या हातावर, पुढच्यात उजव्या. गुरुत्वाकर्षण नाही, मग चहा कपात कसा राहतो? एकाने चूक काढली की दहाजण ती सावरायला धावतात. चहा घट्ट असतो म्हणे तिकडचा! त्यांच्या त्या कलकलाटात मी काचेच्या कपाटात ऐटीत बसून असते. खरं सांगते, इतक्या बारकाईने मला माझ्या बापानेही पाहिलेलं नाही.

मग एकदा मंडळात एक पाहुणा आला. बूट असे चकचकीत की माझा दिवा त्यात दिसला. त्या दिवशी मंडळाने माझ्या बापालाही पहिल्यांदाच बोलावलं होतं. तो मागच्या खुर्चीत बसला होता, अजून कुणी त्याची ओळख करून दिली नव्हती. बूटवाल्याने कपाट उघडलं आणि बोट ठेवलं ते नेमकं डॉक्टरणीच्या जागेवर.

"चौथा पंख नाही," तो म्हणाला. "का नाही? कारण बनवणाऱ्याला अक्कल नव्हती. आणि एवढी वर्षं तुम्हाला हा पत्र्याचा डबा आवडतोय, म्हणजे तुमचीही तीच गत."

दोघं-तिघं हसले. कुणी हसावं असं त्यात काय होतं? डॉक्टरणीने चष्मा कपाळावरून काढून पर्समध्ये टाकला. तिचंच वाक्य त्याच्या तोंडून आलं होतं ना. बूटवाला घड्याळ बघून निघून गेला. मग माझा बाप उठला, मला उचललं आणि म्हणाला, "घरी नेतो. दुरुस्त करून आणतो." कोण अडवणार? बापच तो.

घरी त्याने दिवा काढला. नवीन पत्रा आणला, मापं घेतली, पंख कापला. जुना रंग खरवडायला पॉलिशपेपर काढून ठेवला. मित्रांनो, मला धडकी भरली. उद्या माझ्या जागी जी उभी राहील ती देखणी असेल, पण ती मी असेन का? त्या पंचवीस माणसांना ती कोण लागेल?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण आणि ड्रायव्हर मला न्यायला आले. टेबलावर पंख बघून डॉक्टरीण दारातूनच ओरडली, "काका, थांबा!"

बापाने कात्री खाली ठेवली नाही. "का? तूच म्हणतेस ना, पंख नाही म्हणून? घे, आला पंख."

"म्हणते, हो. लावा असं कधी म्हटलं?"

"तो बूटवालाही तेच म्हणाला की."

"तो म्हणाला आणि उठून गेला," डॉक्टरीण म्हणाली. "आम्ही कुठे उठतोय?" ती स्टूल ओढून बसली. "काका, त्या पंखाचं काय झालं असेल, याचा मी शाळेत असल्यापासून विचार करतेय. तुम्ही तो लावलात तर मी करू काय?"

"विचार कसला करायचाय त्यात?" ड्रायव्हर म्हणाला. "कप्तानाने मागे घेताना ठोकली."

"मागे घेताना? अवकाशात?"

"जागा कितीही असू दे, ठोकणारा ठोकतोच. बस चालवतो मी, मला नका सांगू."

"उल्का लागली होती. तिसऱ्या भागाच्या शेवटी धाडकन आवाज येतो."

"अवकाशात आवाज येत नाही, डॉक्टरबाई. मागच्या महिन्यात तुम्हीच माझं डोकं खाल्लंत त्यावरून."

"पत्रा संपला होता," माझा बाप हळूच म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे वळले.

"पत्रा संपला होता, आणि सकाळी नौका द्यायची होती. एवढंच झालं होतं."

ड्रायव्हरने बराच विचार केला आणि मान हलवली. "नाही पटत."

"अरे, मी बनवली ना ती!"

"बनवली तुम्ही, काका. चालवत कप्तान होता. त्याने कुठे ठोकली ते तुम्हाला कसं कळणार?"

बाप त्याच्याकडे बघतच राहिला. मग असा हसला, असा हसला, की कात्री आपोआप टेबलावर आली. सूनबाई आतून धावत आली, म्हातारा रडतोय की काय म्हणून. कापलेल्या पंखाचं त्याने तिथल्या तिथे तिला नरसाळं करून दिलं आणि माझा दिवा पुन्हा नाकावर बसवला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं, वेडंवाकडं काहीतरी असेल. त्याच्यात खोट दिसली तर खुशाल बोला, वाटल्यास भांडा. पण बोलून झाल्यावर जरा टेका त्याच्याजवळ. धूळ पुसा. आम्हाला कौतुक आवडतं, आणि कुणी बारकाईने बघितलं तर त्याहून जास्त आवडतं.

निघताना डॉक्टरणीने मला कडेवर घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दिव्यापाशी थबकली. "काका, हा स्क्रू नवा आहे. असले स्क्रू तेव्हा मिळतच नव्हते!"

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मी तिला मोठ्याने सांगितलं, "काढ गं बाई, हवी तेवढी खुसपटं काढ. तुझ्या बोटाखाली मला कधी लाज वाटलेली नाही."