कोरी चूल

हिंगणघाटात आमच्या रस्त्यावर भाड्यानं द्यायची सतरा घरं होती. घर रिकामं झाल्यावर कचेरीत जाऊन ते सांगणारी त्यात एकटी मी.

कायदा असा होता की घर रिकामं झालं की सात दिवसांत कचेरीतल्या साहेबाला कळवायचं. मग साहेब सांगेल त्यालाच ते द्यायचं, सरकारी नोकर आधी. मध्यप्रदेशचं राज गेलं, मुंबईचं आलं, हा कायदा मात्र मेला नाही. बाकीचे घरवाले हुशार. कोणी भाच्याचं धोतर दोरीवर वाळत घालायचा, कोणी कोनाड्यात देव मांडून ठेवायचा. साहेबाचा माणूस आला की म्हणायचे, "घर भरलं आहे जी."

मला ते जमलं नाही. नागपूरला दीक्षा घेऊन दीड वर्ष झालं होतं. ज्या कायद्यानं आम्हाला माणसात आणलं, त्याच्याशी लबाडी करायची नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. आता तोंडघशी कोण पडलं? मीच.

घर म्हणजे समोरच्या दोन खोल्या. माझ्या वारलेल्या नवऱ्यानं गिरणीत बावीस वर्षं कापडाचा साचा चालवला आणि सुटीच्या दिवशी भिंती उचलल्या. माती मी तुडवली. छपराचे कवेलू मी डोक्यावरून आणले. घराचं तोंड मोठ्या रस्त्याकडे, पाठ आमच्या वस्तीकडे. मागच्या खोलीत मी, माझा मुलगा, सून आणि त्यांची पाच लेकरं. समोर डोमाजी नावाचा गिरणीवाला भाड्यानं राहायचा. वैशाखात तो तळेगावला आपल्या गावी निघून गेला.

आणि नेमकी त्याच वेळी माझी सुलोचना मास्तरीण झाली. मुलींच्या शाळेत, इथंच. आमच्या सात पिढ्यांत पाटीवर लिहिणारी ती पहिली. जावई आणि दोन लेकरं घेऊन ती घर शोधत गावभर फिरली. लोक आधी खोली दाखवायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग म्हणायचे, "अहो बाई, ही तर कालच एकाला देऊन टाकली." नऊ घरं अशी कालच गेली होती.

मी म्हटलं, "कायले फिरतेस पोरी लोकायच्या दारी? आपल्या दोन खोल्या आहेत ना!"

आमच्याकडे एकाची चूल दुसऱ्याला देत नाहीत. डोमाजीची चूल मी फोडली आणि सुलोचनेसाठी नवी घातली. नदीकाठची माती, गव्हाचा भुसा, घोड्याची लीद, तीन दिवस कुजवून मळली. चूल आणि तिच्या बाजूला वैल. पांढऱ्या मातीनं अशी पोतली की हात फिरवावासा वाटे.

मग गेले कचेरीत. तिथं लिंबाखाली हिरालाल अर्ज लिहायला बसायचा. त्याला सांगितलं, "लिही बाप्पा, घर रिकामं झालं, अन् मायी लेक मास्तरीण झाली, तिले पाह्यजे." त्यानं लिहिलं. माझा अंगठा घ्यायला शाईची डबी पुढे केली. मी ती डबी बाजूला सारली. रातच्या वर्गात दोन हिवाळे बसून मी नाव लिहायला शिकले होते. टाक घेतला आणि 'आनंदाबाई' असं काढलं, की झाडाखालचे सगळे बघत राहिले. त्या सहीच्या तोऱ्यात वर काय लिहिलं ते वाचून घ्यायचं राहिलं. लेकीबद्दल एक अक्षरही त्यात नव्हतं. 'घर रिकामं आहे', एवढंच.

आठव्या दिवशी कचेरीचा चपराशी कवडू आला. त्याच्यासोबत इस्त्रीचा कोट घातलेला एक जण, बदली होऊन आलेला बाबू, प्रभाकरराव. हातात हुकूम.

कवडू म्हणाला, "बाई, हे घर साहेबानं ह्यायले देल्लं."

"साहेबाच्या बापानं बांधलं होतं का रे?"

"मी काय करू बाई, कागद आहे."

प्रभाकररावांनी खोल्या बघितल्या. उजेड चांगला म्हणाले, कचेरी जवळ म्हणाले. चुलीजवळ वाकून म्हणाले, "वा, चूल सुरेख आहे! कोणी घातली?"

"म्या."

"छान. आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. पाल अंगावर पडावी तसे ते सरळ झाले.

"म्हणजे तुम्ही..."

"आमी बौद्ध."

"तेच ते," म्हणाले, आणि ओट्यावरून खाली उतरले. कवडूला हळूच म्हणाले, "अरे, कागदावर तर मेन रोड लिहिलंय."

"मेन रोडच हाये ना साहेब," कवडू म्हणाला. "घराले काय जात असते?"

मला वाटलं, गेली पीडा. पण ते बेणं पक्कं होतं. घर नाकारलं तर नाव यादीत खाली जातं. म्हणून दुसरं बदलून मिळेपर्यंत त्यांनी हे घर घेतलं, कुलूप लावलं आणि गेले आपल्या मामाच्या वाड्यात राहायला. खोल्यांत आल्या त्यांच्या शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, गाडीभर. मी मळलेल्या चुलीसमोर त्यांचं सरपण छताला टेकलं. भाडं कसं यायचं माहीत आहे? मनीऑर्डरनं. त्याच गावातून त्याच गावात! माझ्या ओट्यावर पाय नको, म्हणून पोष्टाची पायपीट.

माझी मास्तरीण पडवीत राहू लागली. एका बाजूला माझी शेळी, दुसऱ्या बाजूला तिच्या शाळेच्या वह्या. सारा पावसाळा पोरं फाटक्या ताडपत्रीखाली खोकली. तिच्या धाकटीला आषाढात ताप आला तो श्रावणातही उतरेना. आणि भिंतीच्या पलीकडे दोन कोरड्या खोल्यांत पऱ्हाट्या आरामात झोपलेल्या.

मी हिरालालकडे गेले. म्हटलं, "मुडद्या, लेकीचं काऊन नाई लिहिलं?"

"आनंदाबाई, कळवायच्या कागदावर एवढंच लिहितात. बाकीचं अलग दरखास्त लागते."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी तर सही मारून झाशीच्या राणीवानी निघून गेल्या! मी हाका मारत होतो."

ते खरं होतं, म्हणून राग दुप्पट आला. घरी येऊन मी सुलोचनेला म्हटलं, "आता तू लिही. अन् मले अक्षर अक्षर वाचून दाखव."

तिनं दरखास्त लिहिली की बाबू त्या घरात राहत नाही, आणि घर घरच्याच माणसाला हवं आहे. भाद्रपदातली तारीख लागली.

त्या दिवशी कचेरीत ही गर्दी. प्रभाकररावांचे मामा आले होते, सोबतचे बाबू दाराशी उभे. साहेब तरुण होता, चष्म्यातून कागदाकडेच बघायचा. प्रभाकररावांचं उत्तर त्यानं मोठ्यानं वाचलं: 'मी सदर घरात सहकुटुंब राहतो. माझी चूल तिथे दोन वेळा पेटते. घरमालकीण खोटं बोलते.'

खोटं बोलते! माझ्या कानशिलात जाळ झाला. सुलोचनेनं माझा पदर ओढला, "माय, हळू बोलजो."

"साहेब," मी म्हटलं, "ही सही ह्यायचीच आहे का, तेवढं इचारा."

"माझीच आहे," प्रभाकरराव म्हणाले.

"वाचून केली?"

"मी काय अडाणी आहे?"

"नाई बाप्पा, तुमी कायचे अडाणी! मी वाचल्याबिगर सही केली, चार महिने भोगून राह्यली. बरं, चूल दोन येळा पेटते म्हन्ता. कोणती चूल?"

"घरातली. कोणती म्हणजे?"

"घरात एकच चूल हाये साहेब. माती म्या तुडवली, लीद म्या उचलली, ह्या हातानं पोतली. ह्यायनं स्वतः वाकून पाह्यली, सुरेख म्हणाले. कवडू होता."

कवडूनं खाली बघत मान हलवली.

"मंग सांगा प्रभाकरराव, सगळ्यायसमोर. तुमी चार महिन्यांपासून मायाच हातच्या चुलीवरची भाकर खाऊन राह्यले ना?"

दाराशी उभा एक बाबू फिस्सकन हसला. "अरे प्रभाकर, परवा आमच्या पंगतीत बसलास की रे!" मामांनी मान वळवून भाच्याकडे बघितलं.

प्रभाकररावांचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा. 'हो' म्हणावं तर मामाच्या वाड्याचं दार बंद. 'नाही' म्हणावं तर हातातलं घर जातं. मी वाट बघत उभी राहिले. घाई मला नव्हतीच.

"हिच्या हातच्या चुलीवर?" ते ओरडले. "आमच्या घरात अजून विटाळ पाळतात! मी त्या चुलीला काडी लावली नाही, एक रात्र त्या घरात काढली नाही!"

साहेबानं पहिल्यांदा कागदावरून डोळे उचलले. "प्रभाकरराव, तुम्ही आत्ता जे बोललात, त्याच्यासाठीसुद्धा एक कायदा झालाय. मी ऐकलं नाही असं समजू का?" मग त्यानं लिहिलं, आणि लिहिलेलं वाचलं: 'ज्या घरात चूल पेटली नाही, ते घर रिकामेच. हुकूम रद्द. ताबा घरमालकिणीस.'

प्रभाकररावांनी किल्ली काढून बाकावर ठेवली.

मी उचलली नाही. "साहेब, ताबा मले द्याचा, का बाकाले?"

"द्या त्यांच्या हातात," साहेब म्हणाला.

मी हात पुढे केला. त्यांनी वरून सोडली. आमच्या ओंजळीत पाणी सोडायचे तशी, टीचभर वरून. माझी आई उभा जन्म असंच पाणी प्यायली होती. मी हात बाजूला घेतला. किल्ली फरशीवर खणकन पडली.

"पडली जी," मी म्हटलं. "उचला."

सगळ्यांदेखत ते वाकले, उचलली, पुन्हा वरून सोडली. मी पुन्हा हात काढून घेतला. तिसऱ्या वेळी त्यांची बोटं माझ्या तळहाताला लागली. गार होती. मी मूठ मिटली.

निघताना साहेब म्हणाला, "बाई, घर आता रिकामं झालं. सात दिवसांत कळवा. लेकीचा अर्ज वेगळा चालेल, चौकशी होईल, दोन-तीन महिने लागतील."

म्हणजे पुन्हा तेच! सुलोचना रडवेली झाली. मला मात्र त्यानं आत्ताच वाचलेलं सारं पाठ होतं. मी तिला हाताला धरून तरातरा घरी आणलं, कुलूप काढलं. पऱ्हाट्या सगळ्या ओढून रस्त्यावर टाकल्या. सून म्हणाली, "एखादी पेंढी राहू द्या ना आत्याबाई, पेटवाले."

"त्याची काडी मायी चूल बाटवीन," मी म्हटलं. "आपलं लाकूड आण."

सुलोचनेनं चुलीसमोर बसून फुंकर मारली. कोरी माती आधी धुमसली, घर धुरानं भरलं, मग जाळ धरला. पांढऱ्या पोतेऱ्यावर पहिलं काळं बोट उमटलं. धाकटी तापातच सरकत सरकत उबेला येऊन बसली.

आठव्या दिवशी कवडू ओट्याशी उभा. "बाई, साहेबानं इचारलं, घर रिकामं झाल्याचं काऊन नाई कळवलं?"

मी त्याला आत बोलावलं, चुलीवरचा चहा दिला. तो उभ्यानंच प्यायला, पण प्यायला.

"साहेबाले सांगजो," मी म्हटलं, "चूल पेटली नाई थे घर रिकामं, हे त्यायनंच लिहिलं. मायी पेटून राह्यली. रिकामं झालंच नाई, तर कळवू काय, तुयं कपाळ?"