वाण वेगळा आहे

प्रयोगशाळेत तिला झाकणबाई म्हणत. अकरा वर्षांपूर्वी, नवखी असताना, तिने एका ट्रेमधल्या नळ्यांची झाकणं पुसायला काढली आणि परत लावताना एकाचं दुसऱ्याला लावलं. नंबर होते फक्त झाकणांवर. कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट म्हशीच्या मालकाला गेला, आणि हे नाव पडलं ते पडलंच. तेव्हापासून ती प्रत्येक नळीच्या अंगावरही नंबर लिहायची आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, स्पिरिटने शाई पुसली जाऊ नये म्हणून. लोक हसायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात हसायचं काय?

त्या महिन्यात एका वस्तीतल्या मुलांना जुलाब लागले. तीन आठवडे झाले तरी थांबेनात. तपासणीत आतड्यात राहणारा जिआर्डिया नावाचा परजीवी सापडला. तोच वस्तीलगतच्या गोठ्यातल्या वासरांतही सापडला, आणि मुलं तर दिवसभर त्या वासरांच्या गळ्यात पडलेली. झालं! पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला हायसं वाटलं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला खेटून मैल्याची जुनी वाहिनी जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती खोदणार कोण? त्यापेक्षा वासरं मारणं सोपं. हुकूम टाइप होऊन तयार होता. फक्त प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर झाकणबाईची सही हवी होती.

ती सही करेना. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडचा परजीवी हुबेहूब सारखा दिसतो, पण ही बया त्याच्या जनुकांपर्यंत गेली. एकदा नाही, दोनदा. वासरांतला वाण खुराच्या जनावरांत रमणारा, माणसाला सहसा न लागणारा. मुलांतला वाण साफ दुसरा, माणसाच्या मैल्यातून माणसाकडे जाणारा.

म्हणून सकाळी साहेबांच्या खोलीत बैठक बसली. साहेब, अधिकारी, गोठेवाली मावशी आणि मांडीवर नळ्यांचा ट्रे घेतलेली झाकणबाई.

"परजीवी दोन्हीकडे तोच ना, बाई?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाव तेच. वाण वेगळा."

"अहो, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, दुसरं काय!"

"वाण नाही पण गुण लागला, अशी आहे ती म्हण," मावशी फटकन म्हणाली. "अर्धीच काय सांगताय?"

साहेब खाकरले. "त्याचं असं आहे, आमच्या बाईंचा झाकणांचा जुना इतिहास आहे. झाली असेल अदलाबदल."

अधिकारी पोट धरून हसला. झाकणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं या विनोदावर तीही सगळ्यांबरोबर हसत आली होती. आज मात्र तिला त्याची किळस आली.

ती उठली. ट्रे टेबलावर ठेवला आणि एकेक झाकण काढून कचऱ्याच्या डब्यात टाकू लागली.

"अहो, अहो! काय करताय?" साहेब ओरडले.

"याच नमुन्यांच्या दुसऱ्या नळ्या फ्रीजरमध्ये आहेत. आता ट्रेमधल्या नळ्यांच्या जागा बदला. हव्या तशा."

अधिकाऱ्याने हात मागे घेतले. मावशीने मात्र पदर खोचला आणि सगळ्या नळ्या इकडच्या तिकडे करून टाकल्या. झाकणबाईने त्या एकेक उचलून, अंगावरचा नंबर सगळ्यांना दाखवत, परत ओळीत लावल्या. मुलं डावीकडे, वासरं उजवीकडे.

"आणि साहेब, झाकणं बदलली असती तर सरमिसळ झाली असती. सगळी मुलं एकीकडे आणि सगळी वासरं दुसरीकडे, अशी नेमकी चूक करायला फार अक्कल लागते. तेवढी माझ्यात नाही." तिने एक नळी वर धरली. "ही सात नंबरची माझी भाची. पोरीची हाडं वर आलीत. वासरं मारून ती बरी होणार असती तर पहिली सही मी केली असती. पण वासरं माराल, आणि ती उद्या पुन्हा तेच पाणी पिईल."

मावशीने डोळ्याला पदर लावला. अधिकारी आता हसत नव्हता.

"हुकूम तयार आहे," तो म्हणाला. "सही लागेल."

"केलीय की. जे सापडलं त्या रिपोर्टवर. एक प्रत मुलांच्या डॉक्टरांकडे सकाळीच गेली. एक ही मावशींना."

मावशीने कागद घडी करून कमरेला खोचला.

"बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून तुम्ही रजेवर जा."

"नाही जाणार. उद्या काम आहे."

तिने खिशातून एक कोरी नळी काढली, तिच्या अंगावर 'टाकी' असं लिहिलं, वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि ती अधिकाऱ्यासमोर उभी केली.

"पाणी तुमच्यासमोरच भरू. सकाळी आठला. येताय ना?"