दोन रेघांचा फळा

मित्रांनो, मी फिजीतल्या एका लहान बेटावरचा जुना फळा आहे. सेमी नावाच्या सुतारांनी मला शाळेसाठी घडवले. माझ्यावर पाढे लिहिले गेले, जहाजांची चित्रे निघाली. मग चक्रीवादळात शाळेचे छप्पर उडाले आणि मला तडा गेला. नव्या शाळेत नवा पांढरा फळा आला. मी खोबरे सुकवायच्या खोपटात पडून राहिलो. माझ्यामागे कोंबड्या अंडी घालत.

महामारी आली तेव्हा दवाखान्यातल्या परिचारिका वासितीबाईंनी मला बाहेर काढले, पुसले आणि ओसरीवर टांगले. आमच्या आणि आजूबाजूच्या बेटांवर दर आठवड्याला किती जण आजारी पडले, त्याची पांढरी रेघ. किती दगावले, त्याची पिवळी. येणारा-जाणारा आधी माझ्याकडे बघे. इतका मान मला शाळेतही नव्हता, पण त्याचा आनंद होत नसे.

पांढरी रेघ चढत गेली आणि एकदाची खाली वळली. त्याच सुमारास लसीची पहिली होडी आली. पिवळी रेघ मात्र चढतच राहिली. गावप्रमुख एपारामा यांचा धाकटा भाऊ त्यातच गेला.

दफन उरकून ते तडक ओसरीवर आले. डोळे सुजलेले होते.

"वासिती, आजार उतरतोय म्हणतेस, मग माणसं का मरतायत? लस आली आणि मरण वाढलं. उद्याची होडी मी किनाऱ्याला लागू देणार नाही!"

"मी कधीची तेच सांगतेय," बाकावरच्या मेरेओनी आजी म्हणाल्या.

वासितीबाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा, मामा. भाऊ तापानं कधी पडला?"

"शेजारच्या लूसीच्या लग्नानंतर. काय नाचला होता तो!"

"लस तेव्हा आली होती?"

एपारामांनी बोटांवर आठवडे मोजले. "नाही. होडी आली तेव्हा तो अंथरुणातच होता."

"मरण आज मोजलं, मामा, पण दुखणं त्या लग्नाच्या गर्दीतलं. जीव जायला आठवडे लागतात."

वासितीबाईंनी पिवळी रेघ पुसली. गेलेला प्रत्येक माणूस ज्या आठवड्यात तापाने पडला, तिथे त्याचा ठिपका दिला. ठिपके पांढऱ्या चढाखालीच दाटले, लसीची होडी येण्याआधीच्या आठवड्यांत.

"म्हणजे आता मरण उतरेल?"

"उतरेल. पण आधी अजून वाईट बातम्या येतील."

"तपासणीला कोणी गेलंच नाही, तरी पांढरी रेघ उतरेलच की!" आजींनी टोमणा मारला. "आमचा नातू तरी तपासणीला कुठं गेला?"

"बरोबर बोललात, आजी. म्हणून मी किती जणांना तपासलं तेही बघते. तपासणीला येणारे पूर्वीइतकेच आहेत, त्यांत लागण कमी निघतेय. म्हणून तर धीर आहे."

दुसऱ्या दिवशी होडी आली. एपारामांनी गुडघाभर पाण्यात उतरून तिचा दोर ओढला आणि पहिली बाही त्यांनीच वर केली.

"डोळे कसले मिटता? गावप्रमुख ना तुम्ही?" आजी हसल्या आणि मागोमाग स्वतः बसल्या.

वाईट बातम्या आल्याच. पण या वेळी कुणी होडी अडवली नाही, कुणी गर्दी जमवून जेवणावळ घातली नाही. मग नवे पिवळे ठिपकेही कमी होत गेले. एका सकाळी वासितीबाईंनी पिवळा खडू उचलला आणि भले मोठे शून्य काढले. एपारामा कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे होते.

मित्रांनो, आकडा वाढला म्हणून घाबरू नका, उतरला म्हणून हुरळू नका. तो कधीचा आणि कितींतला, हे आधी विचारा. आणि फळा पुसताना हात जरा हळू फिरवा. एकेक ठिपका कुणाचा तरी भाऊ असतो.