वकीलबाई दारात आल्या तेव्हा

“घाबरू नका आई. माझ्याकडे बघा, आणि जे खरं तेवढंच सांगा.”

साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या तिला सरकारी वकीलबाई असं म्हणाल्या होत्या. आवाज इतका मऊ, की तिला वाटलं, भली बाई दिसते, सांभाळून घेईल. तिनं खरं सांगितलं. मुलगा त्या संध्याकाळी घरी आला, कुणाशी बोलला नाही, हात धुतले. किती वेळ? बराच वेळ. त्या ‘बराच वेळ’वर वकीलबाईंनी खटला असा काही फिरवला, की मुलगा जन्मठेपेवर गेला.

आज तोच आवाज दारात उभा होता. “येऊ का?”

ती मशीनवर बसून एका पँटची लांबी कमी करत होती. ओठांत टाचण्या धरल्या होत्या. बरंच झालं, बोलायला नको. लेकच पुढे झाली. “या. नाही म्हटलं म्हणून थोड्याच परत जाणार आहात?”

वकीलबाईंनी खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग अलगद बाजूला ठेवला. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. म्हणाल्या, “लवकर सुटकेची समिती उद्या बसतेय. त्यात तुमच्या मुलाचं नाव आहे, आणि त्याची बाजू मी मांडतेय. घरचं कुणीतरी समोर येऊन म्हणावं लागतं, आम्ही याला घरात घेतो. आई, तुम्ही आलात तर तो बहुतेक सुटेल. कुणीच आलं नाही, तर पुन्हा कधी विषय निघेल कोण जाणे.”

“आणि यात तुमचं काय?” लेक म्हणाली. “निवडणुकीला उभ्या राहताय?”

“नाही.”

“मग पुस्तक लिहीत असाल.”

वकीलबाई कसनुसं हसल्या. “माझे जुने सहकारीही हेच विचारतात. त्या समितीत मी सरकारतर्फे बसायचे. एकच वाक्य बोलायचं असायचं, ‘सरकारचा विरोध आहे.’ की पुढचा कैदी आत. चहा गार व्हायच्या आत चार माणसं निकालात निघायची. एकदा एका म्हाताऱ्या कैद्याला बाहेर जायचं दार सापडेना. डोळेच गेले होते. मी हात धरून त्याला दारापर्यंत नेलं. परत येऊन बसले, पुढचा उभा होता, आणि ते वाक्य काही तोंडातून निघेना. पुढे नोकरी सोडली. आता अशा कैद्यांच्या घरोघर फिरते. बरेच जण सुटलेत.”

गोष्ट चांगली होती. फार चांगली होती, म्हणूनच ती सावध झाली. या बाईला बोलता येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उद्या समितीसमोर हीच बाई गोडीत काहीतरी विचारील, आपण भाबडेपणानं खरं बोलून जाऊ, आणि पोरगा होता नव्हता तो आशेचा धागाही गमावून बसेल.

तिनं टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

“आधी एक करा. मला आई म्हणू नका.”

“बरं.”

“माझ्या मुलानंच मारलं त्या पोराला. मी कधी नाही म्हटलं नाही. रोज सकाळी हात जोडते ते आधी त्या पोरासाठी, मग माझ्या पोरासाठी. त्या पोराचे वडील इथेच कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तुम्ही त्यांना काय म्हणालात, आठवतं?”

वकीलबाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

“मी मागेच उभी होते. ‘आता तो तुमच्या नजरेला पुन्हा पडणार नाही,’ म्हणालात.”

“त्यांना रीतसर नोटीस गेली असेल.”

“नोटिशीचं मला सांगू नका. तुमच्या तोंडून कळलंय त्यांना?”

“नाही.”

“इतक्या जणांना सोडवलंत म्हणता. त्यातल्या एकाच्या तरी बाबतीत त्या दुसऱ्या घरी गेलात?”

“तुरुंगात गेले,” वकीलबाई म्हणाल्या. “तुमच्यासारख्यांच्या घरी गेले. तिकडे… पाय उचलत नाही.”

घरात आल्यापासूनचं हे पहिलंच वाक्य, जे तिला घोटून आणलेलं वाटलं नाही.

“मग आज उचला. ते शिव्या देतील, दार लावून घेतील, रडतील. ऐकून घ्या. त्यांच्याकडून होकार आणा असं नाही म्हणत मी. पण माझा मुलगा दुकानासमोरून जाताना दिसला आणि तेव्हा त्यांना कळलं, असं नको. तुम्ही गेलात तर मी उद्या येते. काय विचारायचं ते विचारा.”

“जाते,” वकीलबाई म्हणाल्या. “आत्ताच जाते.” आणि उठल्या.

त्या जिना उतरल्या तशी लेक फणकारली. “कसली जातेय! उद्या सांगेल जाऊन आले म्हणून, आणि तू भोळी ठेवशील विश्वास.” ती खिडकीशी गेली. “बघ, बघ. गाडीकडेच निघाली.”

ती मशीनवरून उठून लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली. खाली वकीलबाईंनी गाडीचं दार उघडलं होतं. पर्स आत ठेवली. फोन ठेवला. क्षणभर त्या तशाच, दाराला हात लावून उभ्या राहिल्या. मग दार बंद केलं, आणि रिकाम्या हातांनी, कडेकडेनं, कोपऱ्याच्या दिशेनं चालू लागल्या.