काचेवरचे डाग

चष्मेवाल्याला काचेवरचा डाग बघवत नसे. गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मासुद्धा तो न विचारता काढून पुसून देई. घरातल्या माशांच्या टाकीची काच तर दर रविवारी आतून घासलीच जाई. तळाच्या वाळूत मिशा खुपसून हिंडणारे त्याचे पाच 'कोरी' जातीचे मासे तेवढ्यापुरते बाजूला सरकत. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी ही मंडळी. पण त्यांना पिल्लं काही होत नव्हती. दोन वर्षं तो त्यासाठी झुरत होता.

"पाण्यातच दोष असणार," तो म्हणे.

"पाण्यात की मालकात?" बायको म्हणे.

या रविवारी त्याने घासणी उचलली तेव्हा काचेवर नेहमीच्याच जागी नेहमीचेच मोहरीएवढे डाग होते.

"अहो, हे डाग तिथेच कसे येतात हो?" बायकोने विचारलं.

धंद्याच्या सवयीने त्याने खिशातलं भिंग काढून काचेला लावलं.

डागाला डोळे होते. दोन काळे ठिपके थेट त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्यामागे केसाएवढी शेपटी वळवळत होती. शेजारच्या डागातही तेच. त्याच्याही शेजारच्यात.

"अगं," तो कसाबसा म्हणाला, "दोन वर्षं मी यांनाच पुसत होतो."

बायकोने भिंग घेतलं. एकेक डाग निरखून पाहिला. मग तिने त्याच्या हातातली घासणी हळूच काढून घेतली.

सोमवारी दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर डाग दिसला. पुसण्याआधी त्याने तो भिंगाखाली धरला.