नादनाथांची तांब्याची चकती

पारोळ्याच्या मैदानात पांढरी गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकली आणि तिच्या पोटातून आवाज आला, "ऊंऽऽऽ."

"ओंकार!" नादनाथ महाराज ओरडले. "ऐका! मेलेल्या लोखंडाने ओंकार म्हटला!"

गर्दीतले सगळे हात एकदम जोडले गेले. पुढच्या बायका रडायला लागल्या, मागचे पुरुष मोबाइल उंच करून शूटिंग घ्यायला लागले. हात जोडले नव्हते ते एकट्या हेमलताने. तिला महाराजांची थोरवी पटली नव्हती असं नाही. तिचं पोट दुखत होतं ते दुसऱ्याच कारणाने. ओंकार म्हणणारी ती गाडी तिच्या धाकट्या जावेची, दिपमालाची होती.

सावद्याला ईश्वर आणि वना या भावांचा केळीचा धंदा. ईश्वर हेमलताचा नवरा, वना दिपमालाचा. सासूबाई मोतीबाईंचा दंडक असा, की घरात जे येईल ते जोडीने येईल. म्हणून इलेक्ट्रिक गाड्यासुद्धा जोडीने आल्या. रंग एक, कंपनी एक, शोरूमही एकच. दंडक आणखी एक होता: मनुदेवीचं दर्शन होईपर्यंत नव्या गाडीचं प्लास्टिक काढायचं नाही. सीटवरचं नाही, दारांवरचंही नाही. केळीचा हंगाम जोरात, देवीला जायला सवड कुणाला? दोन्ही गाड्या पन्नीत गुंडाळलेल्याच पळत होत्या.

आणि दोन्ही गाड्यांतला आवाज दबका होता. गाणं लावलं की गाणारा गोधडी पांघरून गातोय असं वाटायचं. कुणीतरी पारोळ्याच्या नादनाथांचं नाव सांगितलं, दिपमालाने हट्ट धरला आणि अख्खं घर इथे आलं. पारोळा मोतीबाईंचं माहेर, त्यामुळे त्या तर आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

"भक्तांनो," महाराजांनी दाढी कुरवाळली, "पेट्रोलच्या गाडीत काय असतं? धडधड! धडधड म्हणजे काय? प्राण! विजेच्या गाडीत धडधड आहे का? नाही! म्हणजे ती काय झाली? मढं! कंपनीवाले मढ्याला स्पीकर लावतात आणि तुम्ही म्हणता, आवाज दबका येतो. येणारच की! मी वायर कापत नाही, स्क्रू फिरवत नाही. मी गाडीत क्वांटम ओंकार सोडतो."

क्वांटम हा शब्द कुणाला कळला नाही, त्यामुळे त्याचा दरारा फारच वाढला.

मग विधी झाला. आधी गाडीची चारही दारं उघडी ठेवून, एसीचा पंखा घोंघावत असताना महाराजांनी सगळ्यांना गाणं ऐकवलं. फुसकं वाटलं. मग गाडीला चहूबाजूंनी भगवा पडदा लावला, घरच्यांना नारळ देऊन पिंपळाभोवती फेऱ्या मारायला पाठवलं आणि महाराज एकटेच आत बसले. बाहेर आले ते घामाघूम. डॅशबोर्डखाली त्यांनी तांब्याची एक चकती चिकटवली होती. "ही आहे तोवर नाद आहे. ही काढली की गाडी मुकी!"

मोतीबाईंना मागच्या सीटवर बसवलं. काचा वर केल्या. "नादाला वारा लागता कामा नये," म्हणून पंखा बंद केला. देवीचं गाणं सुरू झालं आणि मोतीबाई धाय मोकलून रडायला लागल्या.

"आयकू येस व माय! माले बठ्ठं आयकू येस!" बठ्ठं, म्हणजे सगळंच्या सगळं.

मोतीबाईंचा उजवा कान कधीपासून वाहत होता. त्यांना जळगावला डॉक्टर शाझियांकडे तीच घेऊन गेली होती. पडद्याला भोक आहे, आत पू आहे, ऑपरेशन लांबवलं तर हाड सडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. तारीखही ठरली होती. आता महाराज म्हणत होते, "माउलीच्या कानाला चाकू लावू नका. रोज या गाडीत बसवा. नाद आत गेला की रोग बाहेर!"

"मी काही आते दवाखानाम्हा जाणार नही," मोतीबाईंनी तिथेच जाहीर केलं आणि दिपमालाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "मनी लाडकी सून शे ही."

संपलं! इतकी वर्षं आजारपणं काढली हेमलताने, आणि लाडकी सून कोण? एक चकती चिकटवून आणणारी! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ऑपरेशन टळल्याची काळजी तिला होतीच, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी काळजी मागे आणि जळफळाट पुढे होता.

त्यानंतर रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की मोतीबाई दिपमालाच्या गाडीत जाऊन बसायच्या. दिपमाला दार उघडून द्यायची, पाठीशी उशी ठेवायची आणि हेमलताला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "बाई, आवाज येतोय ना स्वच्छ? ताईंच्या गाडीत नाही हो येत असा!" मोतीबाईंच्या कानातला कापूस रोज जास्तच ओला निघत होता. तो बदलायचं काम मात्र हेमलताकडेच राहिलं होतं. कापसाला आता वासही यायला लागला होता.

"बाई, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ," ती म्हणाली.

"तू जळस तिनावर," मोतीबाई म्हणाल्या. "आखो काय!"

खोटं नव्हतं ते. हेमलता तरातरा जळगावला गेली. नूर महंमदच्या दुकानात जाऊन तिने कंपनीचे स्पीकर काढून बाजारातले सर्वांत भारी बसवायला सांगितले. शिवाय अॅम्प्लिफायर, आणि सीटखाली धमधमणारा वूफर.

"भाभी, दरवाजे की पन्नी निकाल दूँ?" नूर महंमदने विचारलं.

"हात लावायचा नाही. होती तशी परत बसवा. सासूबाईंची सक्त ताकीद आहे."

त्याने इमानेइतबारे बसवली. हेमलता ऐटीत सावद्याला आली, मोतीबाईंना मागे बसवलं, गाणं लावलं. वूफर धमधमला, मोतीबाईंचं अंग हललं, पण गाण्याचा शब्द काही कळेना.

"हाई काय व? ढोल वाजस फक्त." मोतीबाई उतरल्या आणि थेट दिपमालाच्या गाडीकडे चालत्या झाल्या. ओट्यावर दिपमाला पदर तोंडाला लावून हसत होती.

हेमलताला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने एकच धंदा आरंभला. पॅकिंग शेडच्या दारात बसून जावेच्या गाडीकडे टक लावून बघायचं. भक्त देवाकडेसुद्धा इतकं बघत नाहीत. भक्त डोळे मिटून बसतो, जळणारा माणूस डोळे फाडून बघतो. त्याला समोरच्याचं सगळं दिसतं: काय घातलंय, काय घेतलंय, काय बदललंय.

आणि एका दुपारी तिला दिसलं. दिपमालाच्या गाडीच्या दारावर, आतल्या स्पीकरच्या जाळीवर, धूळ बसली होती. बारीक भोकाभोकांत बसलेली, केळीच्या बागेतली काळी धूळ.

हेमलताच्या गाडीत ती धूळ पन्नीवर बसायची. ओल्या फडक्याने पुसली की जायची. मग हिच्या जाळीत धूळ गेलीच कशी?

ती उठली, स्वतःच्या गाडीत बसली, गाणं लावलं आणि दारांवरची पन्नी टर्रकन ओढली. गाणाऱ्याच्या तोंडावरची गोधडी कुणीतरी काढली. शब्दन् शब्द मोकळा! "अगं बाई गं!" ती मोठ्याने म्हणाली. सीटवरचं प्लास्टिक महाराजांनी तसंच ठेवलं होतं, मोतीबाईंना कळू नये म्हणून. काढलं होतं ते फक्त दारांवरचं. सासऱ्यांनी तिला धंदा शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती: क्रेटमधली केळ्यांची वरची फणी बघून सौदा करायचा नाही, तळातली काढून बघायची. आणि एवढे दिवस ती वरची चकतीच बघत बसली होती.

ट्रक आत घ्यायचाय, गाडी बाजूला लावते, असं सांगून तिने दिपमालाकडून किल्ली मागून घेतली. गाडीत बसून स्क्रीनवर आवाजाचं पान उघडलं. तिच्या गाडीत आवाजाचा रोख पुढे ड्रायव्हरकडे होता, कंपनीने दिलेला तसाच. इथे तो सरकवून पूर्ण मागे, मोतीबाईंच्या सीटकडे नेला होता. आवाजाची पट्टीही वर चढवलेली होती. हे सगळं गाडीतच होतं, बोटाने सरकवायचं. हाच तो क्वांटम!

आता ती सरळ घरात जाऊन सांगू शकली असती. पण मग ती हेमलता कसली? तिने रोख परत पुढे आणला, आवाज उतरवला, स्वतःच्या गाडीची काढलेली पारदर्शक पन्नी जावेच्या दारांवर चापूनचोपून बसवली. चकतीला हातही लावला नाही. हे करताना तिला जी गंमत वाटली, ती काय सांगावी!

संध्याकाळी घरात आकांत झाला. "नाद गया व!" मोतीबाई कपाळ बडवत होत्या. दिपमालाने रडत रडत पारोळ्याला फोन लावला.

महाराज दुसऱ्या सकाळी चेल्यांसह हजर झाले. पॅकिंग शेडच्या अंगणात हमाल, बायका, शेजारीपाजारी, अर्धा सावदा जमला. महाराजांनी गाडीभोवती फिरून हवा हुंगली, डोळे गरगर फिरवले आणि म्हणाले, "या घरात कुणीतरी जळतंय. त्या नजरेने नाद खाल्ला!"

सगळ्यांनी हेमलताकडे पाहिलं. ईश्वरनेसुद्धा.

"बरोबर ओळखलं महाराज," हेमलता पुढे आली. "मीच जळते. कालही जळत होते, आजही जळतेय. आता उपाय सांगा."

असं कुणी कबूल करेल याची महाराजांना सवय नव्हती. ते जरा अडखळले. "चकती... चकती पुन्हा सिद्ध करावी लागेल."

"मग करा ना. सगळ्यांसमोर, हातात धरून. मी बाईंना गाडीत बसवते. चकती नाही तोवर गाडी मुकी, असंच ना?"

"मुकी म्हणजे मुकी!" लोकांसमोर महाराजांना चेव आला. त्यांनी चकती उपटून काढली, मुठीत घट्ट धरली, हात आभाळाकडे केला आणि मंत्र म्हणायला लागले.

हेमलताने मोतीबाईंना मागे बसवलं, त्यांचाच पदर त्यांच्या डोळ्यांवर घेतला. दारांवरची पन्नी ओढून काढली, काचा चढवल्या, पंखा बंद केला, आवाजाचा रोख मागे आणि पट्टी वर. गाणं लावलं.

काच खाली झाली आणि मोतीबाईंचा आवाज अंगणभर घुमला. "आयकू येस! बठ्ठं आयकू येस! महाराजनी चकती लायी व!"

सगळे महाराजांच्या वर केलेल्या मुठीकडे बघत होते. महाराजही तिकडेच बघत होते.

"बाई, पदर काढा," हेमलता म्हणाली. "चकती कुठे आहे ती बघा."

मोतीबाईंनी बघितलं. महाराजांच्या मुठीकडे, मग सुनेच्या हातातल्या पन्नीकडे.

"पन्नीची कृपा!" वना ओरडला आणि हमालांत हशा पिकला. महाराज "नजर... दूषित नजर..." असं काही पुटपुटत होते, तेवढ्यात हेमलताने स्वतःची गाडी हळूच पुढे घेतली. गाडी म्हणाली, "ऊंऽऽऽ."

"माझ्या गाडीत चकती कधीच नव्हती," हेमलताने डोकं बाहेर काढलं. "या गाड्या मुक्याने चालतात, कुणी चाकाखाली येऊ नये म्हणून कंपनीनेच हा आवाज दिलाय. हळू चालवा, प्रत्येकीतून येतो. तुम्ही हात जोडलेत ते भोंग्याला."

महाराजांच्या गाडीने मात्र निघताना तो आवाज काढायलाही वेळ घेतला नाही. डिझेलची होती.

मोतीबाई अजून मागच्या सीटवरच होत्या. "मंग मना कान?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. "तो बरा नही व्हयना?"

हेमलता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आवाज मोठा केला म्हणून ऐकू आलं, बाई. मोठ्या आवाजाने भोक बुजत नाही, पू थांबत नाही. मी रोज कापूस बदलते ना, मला माहीत आहे. चला आता."

मोतीबाईंनी मान हलवली. दिपमाला उंबऱ्यात उभी होती, डोळे पुसत. "ताई, मी पण येऊ?" हेमलताला हो म्हणायचं फार जिवावर आलं होतं, खरं तर नाहीच म्हणावंसं वाटत होतं. पण ती म्हणाली, "ये. बाईंचा हात धरायला कुणीतरी लागेल."

डॉक्टर शाझियांनी तपासलं आणि आणखी उशीर केला नाही म्हणून देवाचे नाही, हेमलताचे आभार मानले. "त्या महाराजांची लबाडी तुमच्या लक्षात आली तरी कशी?"

"जळत होते, डॉक्टर," हेमलता म्हणाली. "म्हणून बघत होते."

तेव्हा मंडळी, जळायचं तर खुशाल जळा, ते काही कुणाला चुकलेलं नाही. हात जोडायचे तर तेही जोडा. पण आधी डोळे उघडे ठेवून बघा. पडद्याआड काय केलं ते विचारा. चकती काढून गाणं लावून बघा. आणि कान वाहत असेल तर गाडीत नाही, दवाखान्यात जाऊन बसा.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली त्या दिवशी मोतीबाई सावद्याला परत आल्या त्या हेमलताच्या गाडीतून, मागच्या सीटवर, दोन्ही सुना दोन्ही अंगांना. पुढे ईश्वर होता. त्याने आवडीने गाणं लावलं, वूफर धमधमला, आणि मोतीबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"कमी कर रे ते! मी काय बहिरी शे का?"